सात भागांत संपलेला 'ॲलन ग्रेगरी': न आवडणारा नायक आणि न सुटलेली गाठ

पार्श्वभूमी

अमेरिकेतली फॉक्स वाहिनी रविवारची रात्र अनेक वर्षं ॲनिमेटेड विनोदी मालिकांना देत आली आहे. 'द सिम्पसन्स' तिथे १९८९ पासून आहे. 'फॅमिली गाय' १९९९ ला आली, मधे बंद पडली आणि २००५ ला परतली. २०११ च्या शरद ऋतूत या दोन मालिकांच्या मधला, रात्री साडेआठचा स्लॉट म्हणजे नव्या मालिकेचं नशीबच. आधीचा कार्यक्रम पाहणारा प्रेक्षक टीव्हीसमोर बसलेलाच असतो, आणि नऊच्या कार्यक्रमासाठी तो थांबणारही असतो.

३० ऑक्टोबर २०११ रोजी ही जागा 'ॲलन ग्रेगरी'ला मिळाली, तीही 'सिम्पसन्स'च्या हॅलोविन विशेष भागाच्या पाठोपाठ. त्या भागाची लोक वर्षभर वाट पाहतात.

मालिकेच्या निर्मात्यांपैकी एक होता अभिनेता जोना हिल, आणि नायकाचा आवाजही त्याचाच. हिल तेव्हा ऐन भरात होता. महिन्याभरापूर्वीच त्याचा एक गंभीर चित्रपट आला होता आणि त्याच भूमिकेसाठी जानेवारी २०१२ मध्ये त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. त्याच्या जोडीला अँड्र्यू मोगेल आणि जॅरड पॉल हे लेखक होते, आणि 'फॅमिली गाय'मध्ये मुरलेली माणसंही टीममध्ये होती. म्हणजे पैसा, जागा, नाव, अनुभव यांपैकी कशाचीच वाण नव्हती. तरी मालिका सात भागांत संपली.

ही मालिका सगळ्यांसमोर घडली, म्हणून तिचं नाव इथे उघड घेतलं आहे. आतल्या बैठकांत कोण काय बोललं हे मात्र कोणाच्याही नावावर टाकलेलं नाही. पडद्यावर जे आलं त्यावरूनच निर्णय वाचायचा प्रयत्न केला आहे.

कथेची मांडणी

ॲलन ग्रेगरी डी लाँगप्रे हा सात वर्षांचा मुलगा. बाप रिचर्ड गर्भश्रीमंत. मुलाचं शिक्षण आजवर घरीच झालेलं, तेही बापाच्या देखरेखीखाली. त्यामुळे पोरगा बोलतो-वागतो एखाद्या पन्नाशीच्या कलासंग्राहकासारखा. आर्थिक मंदीत घरची घडी विस्कटते आणि त्याला सरकारी प्राथमिक शाळेत जावं लागतं. तिथे तो पहिल्या दिवसापासून सगळ्यांना तुच्छ लेखतो, वर वयस्क मुख्याध्यापिकेवर आपलं प्रेम असल्याचं जाहीरही करतो.

घरात रिचर्डचा जोडीदार जेरेमी आहे. हा पूर्वी बायकोमुलांत रमलेला समाजसेवक होता. रिचर्डने हात धुऊन पाठी लागून त्याला आपल्या श्रीमंती आयुष्यात आणलं. आणि कंबोडियातून दत्तक घेतलेली ज्युली आहे. घरात डोकं ठिकाणावर असलेली बहुधा ती एकटीच, आणि तिच्याकडे बाप-लेक दोघंही काडीइतकं लक्ष देत नाहीत.

कागदावर हे वाचलं की मला अजूनही वाटतं, यात मालिका होती. घरचं वैभव गेलेला, मित्र नसलेला, बापाच्या तोंडची वाक्यं बोलणारा सात वर्षांचा मुलगा. त्यात हसू आहे आणि त्याच्या खाली बरंच दुःखही आहे. म्हणूनच हे प्रकरण निवडलं. मुळातच टाकाऊ कल्पना पडली तर त्यातून शिकण्यासारखं थोडंच असतं.

अडचण नेमकी कुठे होती

'नायक आवडला नाही म्हणून मालिका पडली' हे स्पष्टीकरण मला पुरेसं वाटत नाही. ॲनिमेशनमधले गाजलेले नायक घ्या. होमर सिम्पसन आळशी आणि अप्पलपोटा आहे, 'साउथ पार्क'मधला कार्टमन तर क्रूर आहे. 'फॅमिली गाय'मधलं तान्हं पोर स्टुई सुरुवातीच्या भागांत स्वतःच्या आईला मारायचे बेत करत असे. प्रेक्षकांनी या सगळ्यांना वर्षानुवर्षं घरात घेतलं.

स्टुई तर ॲलन ग्रेगरीचा थेट पूर्वज. तोही वयाच्या मानाने भलता विद्वान, अहंकारी, माणसांना कस्पटासमान मानणारा. पण तो पाळण्यात आहे. जग जिंकायची भाषा करतो आणि त्याचा लंगोट दुसऱ्याने बदलावा लागतो. त्याचे बेत फसतात, आणि त्याचं बोलणं घरातले बहुतेक जण कानावरच घेत नाहीत. जीभ कितीही मोठी असली तरी अंगात बळ नाही, आणि विनोद त्या दोन्हींच्या मधल्या अंतरात आहे.

ॲलन ग्रेगरीच्या बाबतीत हे अंतरच मिटवून टाकलं होतं. बाप त्याच्या प्रत्येक खुळाला खतपाणी घालतो. शाळेचा वरिष्ठ अधिकारी रिचर्डपुढे लाळ घोटतो. वर्गातली मुलं त्याला धुडकावतात हे खरं, पण ते त्याच्या लक्षातच येत नाही. अपमान होतो, पण लागत नाही. गर्विष्ठ माणसाच्या विनोदात त्याचं आपटणं तर हवंच, पण आपटलं की त्याला कळायलाही हवं. इथे तो आपटतो आणि धूळही न झटकता पुढचं वाक्य बोलतो. मग प्रेक्षक हसणार कधी?

दुसरी गोष्ट आवाजाची. हिलने या मुलाला जवळजवळ स्वतःचाच प्रौढ, सपाट आवाज दिला. कल्पना कळते: मूल मोठ्यांसारखं बोलतं, तर आवाजही मोठ्याचाच असू दे. पण ॲनिमेशनमध्ये पात्राचं वय अर्धं चित्रातून आणि अर्धं आवाजातून येतं. बार्ट सिम्पसनला नॅन्सी कार्टराइटचा आवाज आहे. कार्टमनला ट्रे पार्कर बोलतो, पण तो आवाज वर चढवलेला आणि चिरका असतो. हे दोघंही कितीही वाह्यात वागले तरी कानाला ते मूलच वाटतं, आणि त्यामुळे आपण थोडी सूट देतो. ॲलन ग्रेगरीच्या आवाजाने ती सूट संपवली. चित्रात सात वर्षांचा मुलगा आणि कानात तिशीकडे झुकलेला, माणसांना टाकून बोलणारा पुरुष. मुख्याध्यापिकेचे प्रसंग तर यामुळेच नकोसे झाले. तेच वेड लहान मुलाच्या आवाजात कदाचित केविलवाणं वाटलं असतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मालिकेत उभं राहायला जागाच नव्हती. बाप मुलापेक्षा वाईट. जेरेमी चांगला आहे, पण हार मानून बसलेला. शिक्षिका हतबल. ज्युलीला समज आहे, पण संवाद मोजके. 'साउथ पार्क'मध्ये कार्टमन काहीतरी भयंकर बोलतो तेव्हा त्याचा वर्गमित्र काइल त्याच क्षणी त्याच्यावर उखडतो. आपल्या मनातलं काइल बोलून टाकतो, म्हणून आपल्याला कार्टमनवर निर्धास्त हसता येतं. 'ॲलन ग्रेगरी'त प्रेक्षकाच्या वतीने बोलणारं कोणी नव्हतं, त्यामुळे राग काढायला प्रेक्षकाच्या हातात फक्त रिमोट उरला.

आणि काळाचाही विचार करावा लागेल. २०११ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतली बेरोजगारी सुमारे ९ टक्क्यांवर होती. १७ सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये 'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट' आंदोलन सुरू झालं होतं आणि 'आम्ही ९९ टक्के' ही घोषणा सगळीकडे ऐकू येत होती. त्याच सुमारास, आता सरकारी शाळेत जावं लागणार म्हणून नाक मुरडणारा श्रीमंत मुलगा पडद्यावर आला. हा योगायोग मालिकेच्या पथ्यावर पडू शकला असता. लोकांना असं घर खाली उतरलेलं पाहायचंच होतं. पण ते घर फार खाली उतरलंच नाही. नोकरचाकर, वाडा, ऐट जवळपास तशीच राहिली.

शेजारचा पुरावा

याच घराण्यातला एक जुना भाग जवळून पाहिला तर फरक चटकन कळतो. 'सिम्पसन्स'च्या दुसऱ्या सीझनचा पहिला भाग, ११ ऑक्टोबर १९९०. तोपर्यंत बार्टची प्रतिमा उर्मट, नापास होण्यात अभिमान मानणारा पोरगा अशी झाली होती, आणि तसे टी-शर्टही खपत होते. या भागात त्याला सांगितलं जातं की पुढची परीक्षा पास झाला नाहीस तर चौथीतच बसशील. तो रात्री देवाकडे एक दिवस मागतो. सकाळी बर्फ पडतो, शाळेला सुट्टी मिळते, सगळं गाव बर्फात खेळायला बाहेर पडतं आणि बार्ट खिडकीआड पुस्तक उघडून बसतो. परीक्षेत त्याला ५९ गुण मिळतात. एका गुणाने नापास. तो बाईंसमोर ढसाढसा रडतो, कारण या वेळी त्याने खरंच अभ्यास केलेला असतो. रडताना तो १७५४ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनला पत्करावी लागलेली शरणागती सांगून जातो. बाईंना ते शिकलेल्या ज्ञानाचा प्रत्यक्ष वापर वाटतं आणि त्या एक गुण वाढवून देतात.

या भागात बार्ट सुधारत नाही, पुढच्या भागापासून तोच उनाडपणा सुरू होतो. पण प्रेक्षकाला एकदा कळलं की या पोराला काहीतरी हवं असतं, आणि ते मिळालं नाही तर त्याला लागतं. पुढची कित्येक वर्षं बार्टच्या खोड्या त्या एका रडण्याच्या पुण्याईवर चालल्या असं मला वाटतं.

ॲलन ग्रेगरीच्या सात भागांत असा क्षण आला नाही. त्याला सगळं हवं असतं, पण मिळालं नाही तरी त्याच्यात काही हलत नाही.

हातात कोणते पर्याय होते

ॲनिमेशनमध्ये निर्णय फार आधी घ्यावे लागतात, आणि हेच या प्रकरणाचं मर्म आहे. स्क्रिप्ट, टेबल रीड (कलाकारांनी एकत्र बसून केलेलं स्क्रिप्टचं वाचन), आवाजाचं रेकॉर्डिंग, स्टोरीबोर्ड (दृश्यागणिक काढलेली कच्ची चित्रं), मग ॲनिमॅटिक, म्हणजे हलत्या कच्च्या चित्रांवर आवाज लावून केलेला भाग. त्यानंतर प्रत्यक्ष ॲनिमेशन, जे अमेरिकी मालिकांच्या बाबतीत बऱ्याचदा दक्षिण कोरियातल्या स्टुडिओंत होतं. एक भाग असा पुरा व्हायला साधारण ९ महिने ते वर्ष लागतं. माणसं घेऊन केलेल्या मालिकेत चौथ्या आठवड्यात पात्र मऊ करता येतं. इथे पहिला भाग लोकांनी पाहिला तोवर सातही जवळपास पुरे झालेले असणार. त्यामुळे जे करायचं ते कागदावर, फार तर ॲनिमॅटिकपर्यंत.

त्या टप्प्यावर मला चार वाटा दिसतात.

नायक तसाच ठेवून जग कठोर करायचं, ही पहिली. वाडा विकला गेलाय, बाप नोकरी शोधतोय, आणि शाळेत ॲलनच्या नावाला काडीची किंमत नाही. यात मूळ कल्पनेला धक्का लागत नाही.

दुसरी वाट नजर बदलायची. गोष्ट ज्युलीच्या किंवा जेरेमीच्या बाजूने सांगायची आणि ॲलनला घरातलं वादळ म्हणून ठेवायचं. सात वर्षांचा हुकूमशहा घरात आहे आणि बाकीच्यांना त्याच्यासोबत नाश्ता करायचा आहे. इथे अडचण व्यवहाराची आहे. मालिका ज्या नटाच्या नावावर विकली गेली त्याचंच पात्र बाजूला सारायचं कसं?

तिसरी म्हणजे पात्रच सौम्य करणं. ही मी सगळ्यात खाली ठेवीन. धार काढलेला उर्मट मुलगा म्हणजे आणखी एक गोंडस मूल, आणि त्याची टीव्हीवर कमतरता नव्हती.

चौथी वाट जागा बदलण्याची: रविवारी साडेआठऐवजी केबल किंवा रात्री उशिराचा स्लॉट, जिथे प्रेक्षक कडू विनोद शोधतच येतो. एफएक्स केबल वाहिनीवर 'आर्चर' तेव्हा चालू होतीच, आणि तिचा नायकही स्वतःच्या प्रेमात बुडालेला, सोबत्यांना छळणारा. पण तिथले सोबती त्याला जशास तसं सुनावतात, त्यामुळे एकटी जागा बदलून काम झालं असतं असं मला वाटत नाही.

प्रत्यक्षात काय झालं

वाहिनीने सात भागांची छोटी ऑर्डर दिली. हा सावध निर्णय होता. सात भाग म्हणजे नुकसान आवरतं, पण टीमला चूक बघून सुधारण्याची दुसरी फेरी मिळत नाही.

सावधपणे घेतलेल्या मालिकेला मग सर्वांत उघडी जागा दिली गेली, आणि मला खटकणारी पहिली निर्णयाची जागा हीच. 'सिम्पसन्स'नंतर बसलेला प्रेक्षक घरच्यांसोबत असतो, आणि तो एका अशा कुटुंबाकडून आलेला असतो जे कितीही भांडलं तरी शेवटी एकाच सोफ्यावर येतं. त्याच्यासमोर असं घर ठेवलं जिथे कोणाचं कोणावर प्रेम आहे हेच दिसत नाही.

दुसरी जागा पहिल्या भागाची. त्यात ॲलनच्या उर्मटपणाची ओळख करून देण्यातच सगळा वेळ गेला. नव्या शाळेतला पहिला दिवस हा प्रसंग जगातल्या प्रत्येक प्रेक्षकाच्या ओळखीचा आहे. पोटातला गोळा, डबा कोणासोबत खायचा ही चिंता, आपलं नाव चुकीचं उच्चारणारे मास्तर. सहानुभूती आयती ताटात वाढून ठेवली होती. पण नायकाला भीतीच वाटत नाही असं ठरवल्यामुळे ती कोणी उचलली नाही.

निकाल

पहिल्या रात्री 'सिम्पसन्स'चा हॅलोविन भाग सुमारे ८० लाख लोकांनी पाहिला. त्याच्या लगेच नंतर 'ॲलन ग्रेगरी'ला ५० लाखांच्या आतच प्रेक्षक मिळाले. म्हणजे एवढी मोठी गर्दी समोर बसलेली असताना पहिल्याच रात्री तिचा मोठा हिस्सा उठून गेला. समीक्षकांनी मालिका झोडपली आणि पुढच्या आठवड्यांत आकडा घसरतच गेला. सातवा भाग १८ डिसेंबरला दाखवला गेला आणि ८ जानेवारी २०१२ रोजी फॉक्सने मालिका पुढे चालवणार नसल्याचं जाहीर केलं.

याच्या विरोधात एक मुद्दा मांडता येतो, आणि तो रास्त आहे. फॉक्सने जानेवारीत 'नेपोलियन डायनामाइट' आणली. तिचा नायक विचित्र असला तरी दुष्ट नव्हता, आणि तीही सहा भागांत संपली. म्हणजे त्या वर्षी त्या रात्री काहीही नवं रुजणं कठीणच होतं का?

याचं उत्तर मला 'बॉब्स बर्गर्स'मध्ये मिळतं. तीच वाहिनी, तीच रविवारची रात्र, सुरुवात ९ जानेवारी २०११. तिचंही पहिलं स्वागत थंडच होतं. पण ती टिकली, मार्च २०१२ मध्ये दुसरा सीझन घेऊन परत आली, आणि २०२२ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. या मालिकेच्या जन्मातच आपल्या कामाचा एक निर्णय दडलेला आहे. लॉरेन बूशार्डच्या मूळ कल्पनेत बर्गरचं दुकान चालवणारं हे कुटुंब नरभक्षक होतं! वाहिनीकडून विचारणा झाली की हे नरभक्षकपण खरंच लागणार आहे का. विचार केल्यावर ते काढून टाकलं गेलं, आणि जे उरलं त्यात भाडं थकलेलं दुकान, विक्षिप्त मुलं आणि एकमेकांना धरून असलेलं घर होतं. मोठ्या मुलाचं पात्रही बदलून त्याची टीना झाली, आणि टीनाच पुढे प्रेक्षकांची लाडकी ठरली. हे सगळं मालिका पडद्यावर यायच्या आधी झालं, बदल स्वस्त असतो तेव्हा.

मी काय वेगळं केलं असतं

जागेबद्दल, ऑर्डरबद्दल लेखकाच्या हातात फारसं नसतं, म्हणून ते सोडून देतो. लेखकाच्या टेबलावर जे होतं त्याबद्दल बोलतो.

पहिली वाट घेतली असती, आणि दुसरीतली अर्धी. घर खरंच रिकामं केलं असतं. पहिल्या दृश्यात भिंतीवरची चित्रं लिलावासाठी खाली उतरवली जातायत, आणि ॲलन हमालांना ती कशी धरायची हे ऐटीत शिकवतोय. त्याच्या वागण्यात काडीचा फरक नाही, पण आता आपल्याला माहीत आहे की हा कशावर पांघरूण घालतोय.

आवाज लहान मुलाचा घेतला असता. हिल निर्माता आणि लेखक म्हणून राहिला असता, बापाचा आवाज त्याने केला असता. मुलाच्या तोंडी बापाचीच वाक्यं असल्याने ते बापलेकाचं नातं कानाला आपोआप कळलं असतं. नटाच्या नावावर मालिका विकणाऱ्यांना हे पटवणं सोपं गेलं नसतं, हे मान्य. पण या प्रकरणात भांडण्यासारखी एकच गोष्ट निवडायची झाली तर मी हीच निवडेन.

ज्युलीला प्रत्येक भागात ॲलनला उत्तर देण्याचा हक्क दिला असता. लांबलचक भाषण नको, एक वाक्य पुरे. आणि ते वाक्य पडल्यावर कॅमेरा ॲलनच्या चेहऱ्यावर दोन सेकंद जास्त थांबवला असता. ॲनिमेशनमध्ये अशी दोन सेकंदंही कोणीतरी ठरवून काढावी लागतात, म्हणून ती स्टोरीबोर्डवरच मागून घेतली पाहिजेत. त्या दोन सेकंदांत तो काही बोलणार नाही. त्याचा टाय थोडा सरळ करेल, आणि मग पुन्हा आपलं पालुपद सुरू करेल.

सात भागांपैकी निदान एक भाग त्याच्या हरण्यासाठी राखून ठेवला असता, आणि तो सातवा नव्हे, दुसरा. पहिल्या भागानंतर जे परत येतात ते मालिकेला एक संधी देत असतात. त्यांना त्याच आठवड्यात कळायला हवं की या पोराला डब्याच्या सुट्टीत एकटं बसणं आवडत नाही.